पावसाआधीचा चहा

मोटारींच्या शर्यती आम्ही नवराबायको नऊ वर्षं सोबतच पाहतो. शनिवारची पात्रता फेरी इतकी रंगली की रविवारची शर्यत कधी एकदा सुरू होते असं झालं होतं. नेमकी त्याच वेळी कळंबला भाच्याची सोयरीक निघाली. मी एकटा गेलो. परत येईपर्यंत दोघांनीही काही पाहायचं नाही, असं ठरलं. मी दिवसभर मोबाईल बंद ठेवला.

संध्याकाळी रेकॉर्डिंग लावलं. सत्तावन्नपैकी चाळीस फेऱ्या झाल्या होत्या आणि आमचा लाडका चालक चौथा होता. बायकोनं चहा आणला.

"घ्या, पाऊस येईस्तोवर पिऊन घ्या."

पडद्यावर लख्ख ऊन होतं.

"तुले कसं मालूम?"

"अवो, ढग दिसून राह्यले ना!"

ढग कुठेच नव्हते. सहा फेऱ्यांनंतर पाऊस कोसळला.

"कोणासंग पाह्यली?" मी विचारलं.

"भाऊ आलता. त्याच्या मोबाईलवर. शेवटच्या फेऱ्याच फक्त."

शेवटच्या फेऱ्याच! त्यांच्यासाठीच तर मी दिवसभर थांबलो होतो.

आमचा चालक पहिला आला. तिनं टाळ्या वाजवल्या, पण तिच्या खऱ्या टाळ्या दुपारीच भावाशेजारी वाजून झाल्या होत्या.