अण्णांचा दुसरा वाचक

अण्णांचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ते लपवतही नसत. बेंगळुरूत के. आर. पुरमला आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटे राहायचे. जन्मापासून अंध. एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि टेलिफोन ऑपरेटर म्हणूनच निवृत्त झाले. ऑटोत बसले की ड्रायव्हरला विचारायचे, "आता डावीकडे काय आहे?" मग माझ्याकडे वाकून हळूच तोच प्रश्न. उत्तरं जुळली की कानडीत 'ठीक' म्हणायचे, "सरी. चल पुढे."

मी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला असताना आईने मला त्यांना वाचून दाखवायला पाठवलं. माझं इंग्रजी चांगलं, एवढंच कारण. चारचौघांत तोंड उघडणं मला जड जायचं. इथे समोरचा माणूस माझ्याकडे बघणार नव्हता, म्हणून मी तयार झाले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पुट्टी, तू घाबरलीस की ओळी लवकर संपतात." पुट्टी म्हणजे कानडीत लहान मुलगी. मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

त्या वर्षी संसदेत अपंगांच्या हक्कांचं विधेयक यायचं होतं. अण्णांनी मसुद्याची प्रत मिळवली. रोज संध्याकाळी चार-पाच पानं ऐकायची आणि मग खासदारांना पत्र लिहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बँकेत त्यांनी तीनदा क्लार्कच्या जागेसाठी अर्ज केला होता. "तोंडावर नाही असं कोणीच म्हणालं नाही," ते सांगायचे. "प्रत्येकाने चहा पाजला आणि कारण दिलं."

एका कलमात लिहिलं होतं की अपंगत्वावरून कोणाशीही भेदभाव केला जाणार नाही. ते ऐकताना अण्णांचा नेहमीचा ताठ चेहरा असा सैल झाला की मी तिथेच थांबले. वाक्य तिथे संपत नव्हतं. योग्य उद्दिष्टासाठी तेवढा भेदभाव गरजेचा होता असं दाखवून दिलं तर तो चालेल, असं पुढे होतं. मी पान उलटलं.

रविवारी त्यांनी मला समोर बसवलं. "गच्चीवरच्या खोलीतला नागपूरचा इंजिनिअर दर शनिवारी हीच पानं मला वाचून दाखवतो. त्याच्या वाक्याला शेपूट होतं. तुझ्या का नव्हतं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, अण्णा."

"आमचे साहेबही माझ्याच भल्यासाठी बोलायचे."

मला रडू आलं, पण त्यात राग जास्त होता. इतके दिवस माझ्यावर पाळत होती आणि मी रोज त्यांच्या हातचा चहा पीत होते.

तरी दुसऱ्या दिवशी गेले. पत्र अजून व्हायचं होतं. त्यात एकच मागणी होती: ते अर्धं वाक्य काढून टाका. कारण द्यायची सोय ठेवली तर कारणं मिळतातच, एवढंच त्यांनी त्याखाली लिहायला सांगितलं. पाकीट मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं. त्याची पावती त्यांनी बोटांनी दोनदा चाचपली.

चर्चेच्या दिवशी आम्ही त्यांच्या टीव्हीसमोर बसलो. सदस्य एकामागून एक उठून पाठिंबा देत होते, अपंगांच्या जिद्दीचं कौतुक करत होते. "एवढं कौतुक झालं की मी खिसा तपासतो," अण्णा म्हणाले. "आणि सगळे एकाच सुरात बोलतायत. स्वल्प गडबड आहे." विधेयक मंजूर झालं. आईने खाली शिरा पाठवला. अण्णांनी वाटी बाजूला सरकवली. "आधी ते कलम बघ."

अंतिम मजकूर हाती आल्यावर मी तो घेऊन गेले. अर्धं वाक्य जागेवरच होतं. या वेळी मी शेवटपर्यंत वाचलं. ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. इंजिनिअरकडून त्यांनी ते पुन्हा तपासून घेतलं असणार, असं मला आजही वाटतं. मी कधी विचारलं नाही.

पुढे ते देवनहळ्ळीला भाचीकडे राहायला गेले आणि मी महादेवपुऱ्यात नोकरीला लागले. त्यांचा आवाज मी शेवटचा ऐकला तो गेल्या वर्षी, फोनवर. हृदयाचं ऑपरेशन होतं. भाचीने संमतीपत्र वाचून दाखवलं होतं, तरी ते सही करेनात. "तुझ्याकडून ऐकायचंय म्हणतात," ती वैतागून म्हणाली, तिने कागदाचा फोटो पाठवला आणि फोन स्पीकरवर ठेवला. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी तो ओळ न् ओळ वाचला. शस्त्रक्रियेत मृत्यूही येऊ शकतो, ही ओळ आली तेव्हा माझा आवाज फाटला, पण मी थांबले नाही.

"अगं, ती मी मुद्दाम सोडली होती," भाची मध्येच म्हणाली.

अण्णांनी तिला गप्प केलं. "पुट्टी, संपलं?"

"संपलं, अण्णा."

"सरी." मग भाचीला म्हणाले, "पेन दे. सही कुठे करायची, तिथे माझं बोट ठेव."