माझं पोर वहिनीच्या मांडीवर

माझ्या मुलाला अंतर्गळ होता आणि मला माझ्या वहिनीचा हेवा वाटत होता. दोन्ही एकाच वर्षी झालं, म्हणून एकत्रच सांगतो.

तो दीड महिन्याचा असताना त्याला न्हाऊ घालताना बायकोला त्याच्या उजव्या जांघेत गाठ दिसली. रडला की लिंबाएवढी फुगायची, निजला की नाहीशी व्हायची. कुणी एरंडाचं पान बांधा म्हणालं, कुणी अंगारा लावा म्हणालं. असल्या गोष्टींविरुद्ध मी स्वतः पत्रकं काढलेली. मी दोघांना सर्व्हिस मोटारीत घालून आमच्या मन्नाएखेळ्ळीहून थेट बीदरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गाठ बोटानं आत सारली आणि दखनीत म्हणाले, "आंत उतर री है. काटना पडता. पन अब्बी नै, बहोत छोटा है. चार महिने ठैरो. तब तक बच्चे कू रोने नको देव. रोया तो आंत उतरती, फँसी तो जान पो आती."

चार महिने पोराला रडू देऊ नका. सांगायला काय जातं? दीड महिन्याच्या पोराला रडण्याशिवाय दुसरी भाषा असते का? पण ज्याचं आतडं जांघेत उतरतंय त्याच्या बापाला वाद घालता येत नाही. कापसाची घडी ठेवून मांडीतून बांधायचा एक पट्टा त्यांनी दिला, तो घेऊन आम्ही परत आलो.

त्या वर्षी राज्यांची फेररचना होणार होती. आमचे तालुके मराठीच्या बाजूला पडणार की कानडीच्या, याचा घोळ चालू होता, आणि मी सायकलवर गावोगाव सह्या गोळा करत होतो, पत्रकं लिहीत होतो. घरी पोचल्याबरोबर मी एका उरलेल्या पत्रकाच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलं: "बाळास कोणत्याही कारणास्तव रडू देऊ नये!" आणि तो कागद पाळण्याच्या खांबाला ठोकला.

वहिनी भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं तिथं येऊन उभी राहिली. ती माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची बायको. माहेर आळंदकडचं, कडगंचीचं; घरात मराठी बोलायची, पण अक्षरओळख कानडीची.

"भावजी, ही पाटी कुणासाठी? पोराला वाचता येतंय व्हय?"

"घरच्यांसाठी."

"घरात हे वाचणारे तुम्ही आन् तुमचे अण्णा. अण्णा दिवसभर दुकानात. मग तुमीच रडू नका, म्हंजे झालं."

बायको हसली. मला राग आला.

वहिनीची मुलगी आमच्या पोरापेक्षा दोन महिन्यांनी मोठी. ती रडायची म्हणजे रस्त्यावरच्या मोटारीचे ड्रायव्हर वळून बघायचे. वहिनी तव्यापुढून उठायचीसुद्धा नाही. "रडू दे, गळा मोकळा व्हायलाय तिचा," म्हणायची. मी त्या पोरीच्या उघड्या तोंडाकडे बघत राहायचो. माणसं दुसऱ्याच्या शेतावर, बैलजोडीवर जळतात. मी एका तान्ह्या पोरीच्या रडण्यावर जळत होतो. तिला फुकट मिळालेलं माझ्या पोराला चोरूनही मिळत नव्हतं. त्याचा ओठ नुसता वाकडा झाला तरी घरातली तीन माणसं धावायची.

आणि धावून काय? बायकोनं घेतलं तर तो निम्मा गप्प व्हायचा. मी घेतलं तर दुप्पट रडायचा. वहिनीनं मांडीवर टाकलं की गाठ तिच्या डोळ्यांदेखत आत जायची. ती त्याच्या कानाशी कानडीत काहीतरी पुटपुटायची. गाणं नव्हे, बोलणंही नव्हे, दोन्हींच्या मधलं, एकाच लयीत.

मी एकदा विचारलं, "काय सांगता त्याला?"

"हेच की. म्हशीनं आज दूध कमी दिलंय, मिरच्या वाळत घातल्यात, तुझा बाप सायकलवर गाव हिंडायलाय."

"मग मराठीत सांगा की."

"मराठीत सांगितलं तर तुम्हाला बी कळंल."

आता माझी पंचाईत समजून घ्या. माझ्या प्रत्येक पत्रकात एक वाक्य ठरलेलं होतं: मूल आईच्या भाषेतच वाढतं. या वाक्यावर मी चावड्यांवर टाळ्या घेतल्या होत्या. आणि घरी माझं पोर कानडी मिरच्यांवर शांत होत होतं. मला कानडी समजत नव्हती असं नाही, तो वहिनीचा टोमणा होता. आमच्या घरात सगळ्यांनाच दोन्ही येतात. मी दाराआड उभं राहून तिचे शब्द पाठ केले आणि दुसऱ्या दिवशी तेच शब्द, त्याच लयीत, त्याला म्हणून दाखवले. पोर निळंजांभळं होईस्तोवर रडलं.

"अवो, ही काय सभा हाय का?" बायको त्याला ओढून घेत म्हणाली. "भाषणांनी बसलेला घसा तरी बघा स्वतःचा."

मी वहिनीशी तुटक बोलू लागलो. ती पाळण्याजवळ आली की मी पट्टा उगाच सोडून पुन्हा बांधायचो. तिनं एकदा म्हटलंसुद्धा, "भावजी, कामून घट्ट आवळायलात? पोर हाय त्ये, पत्रकाचा गठ्ठा न्हाई." मी पट्टा पुन्हा सोडला आणि पुन्हा बांधला.

चार महिने संपले. मोठे सर्जन महिन्यातून एकदाच बीदरला यायचे. आम्ही आदल्या दिवशी जाऊन बीदरलगतच्या मैलूरला एका ओळखीच्यांकडे उतरलो. पोर गप्प राहावं म्हणून बायकोनं वहिनीला बरोबर घेतलं होतं. तिची मुलगी अण्णांकडे आणि शेजारणीकडे ठेवली. मला ते पटलं नव्हतं. मला कुणी विचारलं नाही.

सकाळी नर्सबाईंनी बजावलं, पहाटेपासून पोटात थेंबही गेलेला चालणार नाही, भूल द्यायची आहे. आणि मग दोघी बायकांना दवाखान्याच्या फाटकाबाहेर काढलं. "दूध का बास आया तो बच्चा और रोता. बाप सँभालेगा."

बाप सांभाळेल. चार महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदाच कुणी उच्चारलं होतं.

व्हरांड्यात मी आणि पोर दोघंच. ते भुकेलं होतं. आधी कुरकुरलं, मग रडलं, मग गाठ आली. मी त्याला घेऊन चाललो, हलवलं, गाठ दाबली. फाटकाकडे बघितलं तर वहिनी गजाला धरून माझ्याकडेच बघत होती. मी बोलवावं म्हणून ती उभी राहिलीय असं मला वाटलं. नाही बोलावणार, असं मी मनाशी म्हटलं. आजच्या दिवशी तरी नाही.

माझ्या पिशवीत गुळाचा खडा असायचा, फिरतीवर भूक लागली की तोंडात टाकायला. व्हरांड्यातल्या मडक्यातलं पाणी वाटीत घेऊन मी तो त्यात विरघळवला आणि बोट बुडवून पोराच्या तोंडात दिलं. त्यानं ते असं धरलं की मला रडू आलं. पुन्हा बुडवलं. मग वाटीच लावली. अर्धी वाटी त्यानं घेतली आणि माझ्याकडे बघत, माझ्या मांडीवर, गप्प पडून राहिलं. गाठ आत गेली. मला नियम ठाऊक नव्हता असं म्हणणार नाही. दूध नको असं सांगितलंय, हे पाणी आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या कुणी असली पळवाट काढली असती तर मी त्याला चव्हाट्यावर सोलला असता.

थोड्या वेळानं नर्सबाईंना विचारून वहिनी कोरडं दुपटं द्यायला आत आली. पोराला उचलून तिनं दुपटं बदललं. "जमलं की भावजी तुम्हाला!" म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की ते सांगायची लाज वाटते.

भुलीच्या खोलीत नेल्या नेल्या पोरानं उलटी केली. सर्जन बाहेर आले ते तापूनच. "किसने पिलाया? बेहोशी में यही उलटी छाती में उतरती तो?" शस्त्रक्रिया रद्द. पुढच्या महिन्यात या.

बायकोनं वहिनीकडे बघितलं. "अक्का, दुपटं बदलायला तुमीच गेल्ता न्हवं?"

वहिनी काही बोलली नाही. मीही बोललो नाही. ज्यानं तहसीलदाराला भर सभेत जाब विचारला होता, तो मी मोटारीत बसून मन्नाएखेळ्ळीपर्यंत खिडकीबाहेर बघत आलो.

घरी बायकोनं सांगून टाकलं, "माझ्या पोराला हात लावू नका." वहिनी आपल्या खोलीत गेली. मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्या तळाशी समाधानही होतं, तेही लिहून ठेवतो. आता स्पर्धेत कुणी नव्हतं.

बारा-तेरा दिवस आम्ही दोघांनी पोर सांभाळलं. तेराव्या की चौदाव्या दिवशी दुपारी ते रडायला लागलं ते थांबेना. गाठ आली आणि आत जाईना. बोट लावलं तर दगड. पोर किंचाळलं. बीदरची मोटार संध्याकाळपर्यंत नव्हती. बायको माझ्याकडे बघत होती.

मी वहिनीच्या दारात गेलो. "वैनी, चला. गाठ अडकलीय."

"तिनं न्हाई म्हणलंय."

"गूळपाणी मी पाजलं व्हतं."

हे मी मोठ्यानं बोललो. बायको मागे पोर घेऊन उभीच होती. वहिनीनं आपली मुलगी खाली ठेवली.

"मला ठाव हाय. उलटी पडलेल्या दुपट्याला गुळाचा वास येत व्हता."

"मग बोलला न्हाईत कामून?"

"म्या कशाला बोलू? तुमच्या तोंडाला काय झाल्तं?"

तिनं पोर घेतलं, पायांवर उताणं निजवलं, ढुंगणाखाली उशी सरकवली आणि तिचं ते म्हशीचं, मिरचीचं सुरू केलं. बायको तिच्या शेजारी टेकली. बराच वेळ गेला. पोराचा हुंदका लांबला, मग थांबला, आणि गाठ मऊ पडून सरकली. बायको माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही, त्यानंतरही चार दिवस बोलली नाही. वहिनीचे मात्र तिनं रात्री चुलीपुढंच पाय धरले. वहिनी म्हणाली, "सोड गं, माझ्या भाकऱ्या करपायल्यात."

पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. व्हरांड्यात भुकेलं पोर वहिनीच्या मांडीवर दिलं, आणि नर्सबाईंना मीच सांगितलं की पोर हिच्याकडेच गप्प राहतं, बाहेर मला काढा. फाटकाशी गज धरून उभं राहण्याची पाळी माझी. ती काय बोलतेय ते ऐकू येत नव्हतं. पोर तासभर कुरकुरलं असेल, जास्त नाही. मी जळलो. कबुली दिली की हेवा संपतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दुपारी नर्सबाईंनी सांगितलं, सगळं ठीक आहे, आत एकेकानं जा. बायको गेली, बघून डोळे पुसत आली. वहिनी बाकावरून उठली.

"मी जातो," मी म्हणालो, आणि तिच्या आधी आत शिरलो. पोर भुलीत होतं, जांघेला पांढरी पट्टी, ओठ कोरडे. कोण आलंय ते त्याला कळायचं कारण नव्हतं. नर्सबाईंनी दंडाला धरून बाहेर काढेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.