कॉफीचं दुखणं

आमच्या घरी कॉफी व्हायची ती कुणाला ताप आला तर, नाहीतर एकादशी असली तर. बाकी सगळ्याला चहा. त्यामुळे मुंबईहून परतल्यावर पहिल्याच सकाळी मी आईला "मला चहा नको, कॉफी कर" म्हणालो, तेव्हा तिनं चुलीजवळून उठून माझ्या कपाळाला हात लावला.

"काय रे, ताप इलो काय तुका?"

"नाही गं. रोजच घेतो मी आता."

"रोज?" आई म्हणाली. "अरे, आज एकादस खंय आसा?"

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच रत्नागिरीतून वेगळा झाला होता. ऑफिसांवरच्या पाट्या नव्या होत्या, आणि मीही स्वतःला नवाच समजत होतो. देवगडच्या बँकेत मी क्लार्क. बँकेनं ट्रेनिंगसाठी मुंबईला पाठवलं, तिथं माटुंग्याला एका खोलीत राहिलो आणि खालच्या मद्रासी हॉटेलात स्टीलच्या पेल्यातून फेसाळ कॉफी प्यायला शिकलो. बँकेचं काम किती शिकलो ते साहेबांना ठाऊक. कॉफी मात्र पक्की शिकलो. ती पिताना पाय कसा आडवा टाकायचा, वाटीतून पेल्यात आणि पेल्यातून वाटीत कशी ओतायची, पहिल्या घोटानंतर खिडकीबाहेर कसं बघायचं, हे सगळं मी शेजारच्या टेबलांवरून उचललं होतं. खरं सांगायचं तर ती मला कडू लागायची. पण ही गोष्ट मी तेव्हा स्वतःलाही कळू दिली नव्हती.

परत आल्यावर माझं लग्न ठरलं. मुलगी मूळची वेंगुर्ल्याची, देवगडला मामाकडे राहून प्राथमिक शाळेत शिकवायची. मामा आंब्याचे व्यापारी. मोठं घर, मोठा आवाज, दारात पेट्यांची चळत. साखरपुडा झाला, लग्न वैशाखात धरलं. मधल्या दिवसांत आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे आम्ही एकमेकांना रस्त्यात पाहिलं तर बाजू बदलायची, एवढंच अपेक्षित होतं. मला ते पटेना. माटुंग्याला मी तरुण-तरुणी समोरासमोर बसून कॉफी पिताना पाहिलं होतं. एके दिवशी ती बँकेत शाळेच्या कामाला आली. मी काउंटरवरून पुढे वाकून, पाठ केलेल्या शुद्ध भाषेत म्हणालो, "आपण एकदा बाहेर कॉफी घेऊ या का?"

ती जरा विचार करून म्हणाली, "बाहेर म्हणजे खंय?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. माटुंग्याला 'बाहेर' म्हणजे रस्ता ओलांडला की झालं. देवगडात बाहेर म्हणजे एसटी स्टँडजवळची दोन हॉटेलं. एकात ड्रायव्हर-कंडक्टर मिसळ खात. दुसऱ्यात प्लायवुडचं पार्टिशन घालून एक कोपरा केला होता, त्याला फुलाफुलांचा पडदा होता आणि वर 'फॅमिली रूम' असं लिहिलेलं होतं. तिथं कुठलीही फॅमिली शिरताना मी पाहिली नव्हती. मालक तिथं बटाट्यांची पोती ठेवायचे.

"फॅमिली रूममध्ये," मी म्हणालो.

तिला हसू आलं असावं, पण तिनं ते शिक्षिकेसारखं दाबलं. "शनिवारी सकाळची शाळा असता. सुटली काय येतंय."

शनिवारी मी बँकेतून तासाभराची सुटी घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मुंबईहून आणलेलं अत्तर जरा जास्तच लावलं होतं. ती आली. आम्ही हॉटेलात शिरलो तशी आतली बडबड एकदम थांबली. मी पोत्यांना वळसा घालून तिला बाकड्यावर बसवलं, पडदा ओढला आणि पडद्याबाहेर डोकं काढून गल्ल्याकडे मोठ्यानं सांगितलं, "दोन कॉफी!"

मुंबईला जायच्या आधी मालक मला रोज सकाळी चहा-भजी देणारे. त्यांनी गल्ला सोडला आणि ते पडद्याजवळ आले.

"कोणाक बरा नाय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"सगळे बरे आहेत."

"मगे उपास आसा?"

"उपास नाही. कॉफी प्यायची आहे."

"चाय घे मरे. ताजी आसा."

"नाही. कॉफीच," मी म्हणालो. माझा शुद्ध मराठीतला आवाज ऐकून बाहेर कुणीतरी खोकलं.

मालकांनी माझ्याकडे काळजीनं बघितलं आणि ते मागच्या दारानं घरात गेले. हॉटेलात कॉफी नव्हतीच. त्यांच्या बायकोच्या फडताळात एक पुडी होती, आजारपणासाठी राखलेली.

कॉफी येईपर्यंत बोलायचे विषय मी मनात ठरवून आणले होते. पहिला विषय कॉफी. माटुंग्याला ती कशी गाळतात, कशी उंचावरून ओततात, हे मी हातवारे करून सांगू लागलो. ती, गृहपाठ न केलेला मुलगा काहीतरी कारण सांगत असताना ऐकावं, तशी शांतपणे ऐकत होती. एवढ्यात वरच्या पंख्याला वीज आली. आता तो पंखा गरगरला की पडदा वर उडे, आणि सगळं हॉटेल मला हात उंचावून अदृश्य कॉफी ओतताना बघे. मी एका हातानं पडदा धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं बोलत राहिलो.

"एक प्लेट भजी सांगा," ती म्हणाली.

"कॉफीबरोबर भजी खात नाहीत."

"कोण म्हणता?"

मी भजी सांगितली. भजी आली. तिनं ती मनापासून खाल्ली. मी कॉफीची वाट बघत बसलो. ती शाळेतल्या गोष्टी सांगू लागली, कुणी पाटीवर थुंकी लावून पुसलं, कुणी दप्तरातून खेकडा आणला. मी पडदा धरून हसत होतो आणि पहिल्यांदाच मला ठरवलेले विषय आठवेनासे झाले.

मग मालक स्वतः दोन ग्लास घेऊन आले. वर जाड साय, खाली करडा रंग, आणि जायफळाचा असा वास की माझ्या अत्तरानं हार मानली.

"बायलेन जायफळ जरा जास्त घातल्यान," मालक माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "झोप बरी लागतली तुका."

तिनं एक घोट घेतला आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. "माका काफी आवडणा नाय."

"मग आलात कशाला?"

"तुमी बोलावलास म्हणान."

कॉफी तशीच परत गेली असती तर मालकांच्या बायकोला काय वाटलं असतं, असं मी तिला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. एवढा गाजावाजा करून मागवलेली कॉफी टाकायची म्हणजे माझं माटुंगंच खोटं पडलं असतं. मी दोन्ही ग्लास प्यालो, पाय आडवा टाकून, आणि खिडकी नसल्यामुळे बटाट्यांकडे बघत.

शनिवारची अर्ध्या दिवसाची बँक मी कशीबशी उरकली. आकडे डोळ्यांसमोर पोहायला लागले होते. आमचं गाव शिरगावच्या अलीकडे, रस्त्यालगतच. तळेऱ्याच्या एसटीत बसलो, खिडकीची हवा लागली आणि पुढचं मला काही माहीत नाही. जाग आली ती कंडक्टरनं खांदा गदागदा हलवल्यावर.

"ओ पाव्हणे! उठा! तळेरा इला!"

माझा थांबा कधीच मागे गेला होता. उतरताना मी झोपेतच दाराच्या दांड्याला लोंबकळलो. नेमके आमच्याच वाडीतले एक गृहस्थ तिथं गाडीची वाट बघत उभे होते. त्यांनी मला धरलं, सोडा पाजला, परतीच्या गाडीत बसवलं आणि माझ्याकडे डोळे भरून बघत राहिले. मी सांगत होतो, "नुसती झोप लागली हो, कॉफी प्यालो होतो." कॉफी प्यालेला माणूस झोपतो, यावर त्यांचा विश्वास बसला. तो का प्याला असेल, याबद्दल मात्र त्यांनी आपला निष्कर्ष काढला.

आमच्याकडे बातमी पोचायला तार लागत नाही. हॉटेलातून निघालेली बातमी होती, 'नवरोमुलगो हॉटेलात बसान काफी घेता.' तळेऱ्याहून निघालेली होती, 'तो गाडयेत बेसुद पडलेलो.' दोन्ही बातम्या मामांच्या ओटीवर एकत्र आल्या आणि तिथं त्यांची एकच बातमी झाली.

पुढच्या रविवारी मामा आमच्या दारात हजर. आईला आनंद झाला. तिनं पोहे केले, चहा ठेवला. मामांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "जावयबापू चाय घेतत मां?"

"खंय घेता!" आई कौतुकानं म्हणाली. "मुंबयसून इल्यापासून रोज काफी मागता."

मामांनी बशी खाली ठेवली. "चला," ते मला म्हणाले, "तुमची कलमां बघूया. मोहर कसो आसा?"

आमची दहा-बारा कलमं घरामागच्या चढावर, थेट वरच्या कातळाच्या सड्याला लागून आहेत. मामा त्या वयातही असे झपाझप निघाले की जणू वर कुणीतरी आंबे चोरत होतं. मी नव्या चपला घातल्या होत्या. मधल्या पायरीवर एक चपल निसटली, ती उचलायला वाकलो तर धाप लागली. मामा थांबून माझी छाती वरखाली होताना बघत होते.

"भूक लागता मां?"

मला वाटलं, पोह्यांबद्दल विचारतायत. "आता नाही लागलेली," मी म्हणालो.

"रात्रीचो घाम येता?"

"उकाडा असला की येतो."

"घरात कोणाक दमो?"

तेव्हा मला जरा शंका आली. मामा कलमांकडे एकदाही बघत नव्हते, मोहर माझ्या डोक्यावर असल्यासारखे माझ्याकडेच बघत होते. शेवटी ते एका दगडावर बसले.

"सपष्ट इचारतंय, राग मानू नका. तुमका काय दुखणा आसा?"

"मला? काही नाही!"

"मगे काफी कित्याक?"

या प्रश्नाचं उत्तर अगदी सोपं होतं, पण मी ते दिलं नाही. त्याऐवजी मी मामांना कॉफीची खमंग चव, शहरातलं जीवन आणि दोन माणसांनी एका टेबलाशी निवांत बसण्याचं महत्त्व यावर भर उन्हात, एका हातात चपल धरून व्याख्यान दिलं. मामांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट दिसत होतं की छातीची काळजी आता सरून डोक्याची लागली आहे.

ते खाली उतरले, आईचा निरोप घेतला आणि गेले. लग्न मोडलं, असं मी धरून चाललो. रात्री जेवलो नाही. आईनं कॉफी करू का विचारलं, तेव्हा तिच्यावर ओरडलो.

दोन दिवसांनी मामा बँकेत आले. काउंटरवर कोपर ठेवून, सगळ्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाचयेक इचारलंय. ती म्हणाली, 'मामा, तेंका दुखणा नाय, हौस आसा.'" आणि ते पोट धरून हसले. साहेबही हसले. कॅशियर पैसे मोजता मोजता चुकला. मला फार लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

वैशाखात लग्न झालं. त्यानंतरच्या एका शनिवारी मी तिला विचारलं, "हॉटेलात जाऊ या? तुला कॉफी नको, हे माहीत आहे."

"जाऊया मां," ती लगेच म्हणाली. "माका थंय बसाक आवडला होता."

मला वाटलं, माझ्या संगतीमुळे. मी तसं सुचवून बघितलं.

"तसा नाय," ती म्हणाली. "मामाकडे सकाळी सगळ्यांचो चाय माझ्याकडे. मगे शाळा. मगे परत चाय. थंय दुसऱ्यान केल्यान, दुसऱ्यान हाडून दिल्यान, आणि भांडी धुवची पडली नाय. भजी थंड झाली तरी चलात, असा वाटला."

मी इतके महिने कॉफीबद्दल बोलत होतो, आणि ती तिथं पंख्याखाली बसून काय करत होती याचा मला पत्ता नव्हता. मी तिला गाळणीची माहिती देत होतो आणि ती बसलेली होती. नुसती बसलेली.

मग आम्ही अधूनमधून जायला लागलो. ती चहा घ्यायची, मीही चहा घ्यायला लागलो. मालकांनी पहिल्या दिवशी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बरो झालस म्हण!" माझी प्रकृती सुधारली हे त्यांनी बायकोलाही आत जाऊन सांगितलं.

एकदा तिनंच हट्ट धरला की आईलाही न्यायचं. आईनं जन्मात हॉटेलात पाय ठेवला नव्हता. डोळे दाखवायला देवगडला आणलं होतं, तिथून आम्ही तिला हॉटेलात वळवलं. ती बाकड्याच्या टोकाला बसली, पदर सावरून, कुणाच्या घरी बारशाला आल्यासारखी. चहा पिऊन झाल्यावर आम्ही बोलत असताना ती उठली, तिघांचे ग्लास उचलले आणि मागच्या दारानं आत निघून गेली. मालक गल्ल्यावरून ओरडत तिच्यामागे धावले, "अगो आये, ठेय ते! ठेय!"

ती परत येईना. माझी बायको मला म्हणाली, जाऊन बघा. मी मागच्या दारात जाऊन बघितलं. ग्लास धुऊन पालथे घातलेले होते, आणि आई मालकांच्या बायकोबरोबर पायरीवर बसून चवळीच्या शेंगा मोडत होती. दोघींचं आजारपणांवर बोलणं चाललं होतं. मला बघून आई म्हणाली, "तुमी व्हा फुडे. आमचा बोलणा आजून संपाक नाय."

आम्ही बाहेर थांबलो. एक गाडी गेली, दुसरीही गेली. बऱ्याच वेळानं आई पदराला हात पुसत बाहेर आली, मालकांना ऐकू जाणार नाही इतकं लांब चालून गेल्यावर थांबली आणि म्हणाली, "बाय बरी आसा हां. पण चाय पातळ."