कराडला उतरलेला स्टॉपर

साताऱ्याहून सकाळची गाडी सुटली तेव्हा आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचा हिशेब असा होता: सामने तीन, हार तीन, केलेला गोल एक, खाल्लेले नऊ. सांगलीतला चौथा सामना हरलो तर स्पर्धेतून बाद. बरोबरी झाली तरी स्पर्धेत टिकून. म्हणजे मला विजय नको होता, फक्त गोल खायचा नव्हता. एवढ्यासाठी पन्नाशीच्या माणसाने संघ सांभाळत रविवार घालवावा का, असे बायकोने विचारले. मी गाडीची वेळ सांगून निघालो.

नऊपैकी आठ गोल अमोल नसताना झाले होते. अमोल आमचा स्टॉपर, बचावाच्या मधोमध उभा राहणारा. पहिल्या सामन्याच्या वेळी त्याच्या विहिरीची मोटार जळाली, दुसऱ्याच्या वेळी मेहुण्याचे लग्न निघाले. तिसऱ्याला तो होता आणि आम्ही एकाच गोलने हरलो. तो कोरेगावचा. गाडी तिथे थांबली आणि तो पिशवी घेऊन डब्यात चढला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"आलास का रं?" आमच्यासोबतचे नाना म्हणाले. नाना फौजेतून निवृत्त झालेले, आमच्या पेठेतले सगळ्यांत जुने खेळाडू. "मला वाटलं, आज म्हशीचं बारसं असंल."

"आज काय बी होऊ दे नाना, खेळणारच."

रहिमतपूर गेले, मसूर गेले. दोन्ही बाजूंना ऊस, त्याला पांढरे तुरे आलेले. खिडकीतून बघणाऱ्याला ते छान दिसतात. ज्याचा ऊस त्याची मात्र झोप उडते, कारण तुरा आला की वजन घटते. अमोलचा ऊसही असाच उभा होता; तो बाहेरच बघत होता.

कराडला गाडी शिरताना त्याचा फोन वाजला. साखर कारखान्याचा माणूस होता. तोड आली होती (ऊस तोडण्याची पाळी). तोडकऱ्यांची टोळी दुपारी उसाच्या फडात येणार होती. शेतात घरचे कुणी नसले तर टोळी पुढच्या माणसाकडे जाते आणि पाळी कुठल्या कुठे मागे पडते. घरी त्याची आई एकटी, गुडघ्याने अधू.

"काका, उतरतो मी."

"अरे, उद्या या म्हणावं त्यांना."

"आवं, उद्या म्हटलं की शिमग्याला येत्यात ती."

"जाऊ द्या त्याला," नाना म्हणाले. "तुमी काय ऊस तोडायला जाणार हाय?"

अमोलने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "बूट मधूला द्या. माप एकच हाय." आणि तो उतरला. मधू आमचा विंगर, कडेने धावणारा पोरगा, बचावात कधी न खेळलेला. भिलवडीपर्यंत मी मधूला बचावातली जागा समजावत होतो. चूक अमोलची नव्हती हे मला कळत होते. राग तरी त्याचाच आला होता.

सांगलीत आधी भडंग (मसालेदार चुरमुरे) खाल्ले, कच्चा कांदा आणि मिरची घालून. मैदानावर शेजारी एक स्थानिक गृहस्थ बसले होते. त्यांनी माझ्या मांडीवरची पिशवी पाहिली.

"काय पाव्हणं, गोल भरून न्यायला पिशवी आणलीया?"

"लहान हाय ओ, लय मावायचं न्हाईत," नाना म्हणाले.

खरोखरच गोल होत नव्हता. मधू अमोलचे बूट घालून जागेवर टिकून होता. मध्यंतर झाले, दुसरा अर्धही सरत आला. मी घड्याळ बघायला सुरुवात केली आणि तेवढ्यात मधूच्या पायात चेंडू आला. सवयीप्रमाणे तो चेंडू घेऊन पुढे धावत सुटला. नाना ओरडले, "माघारी फिर रं!" चेंडू हिसकावला गेला, आणि मधली जागा मोकळी होती. तिथूनच समोरच्या संघाने गोल केला.

सामना संपल्यावर शेजारच्या गृहस्थांनी भडंगाचा कागद पुढे केला. "घ्या. चांगलं खेळली तुमची पोरं." हरल्यावरचे कौतुक मला कधीच गिळता आलेले नाही. भडंग घेतले.

परतीच्या गाडीत मधूने बूट पिशवीत ठेवले. कोरेगावच्या फलाटावर अमोल उभा होता. अंगात स्वच्छ शर्ट, हातावर उसाच्या पाचटाचा एक ओरखडा नाही. मी दारातून पिशवी दिली.

"किती?"

"एक-शून्य."

"मधनं?"

"मधनं. ऊस गेला का?"

"न्हाई. टोळीच आली न्हाई. उद्या येतो म्हणाली."

नानांनी पलीकडची खिडकी लावून घेतली. गाडी हलली.

घरी पोचल्यावर बायकोने ताट वाढले. मीच सांगितले: सामने चार, हार चार, खाल्लेले दहा, त्यातले नऊ अमोल नसताना. इतका चोख आकडा हाताशी असून भांडायला कुणी सापडू नये, याचाच राग अजून गेलेला नाही.