मागून येणारा जवाब

मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत विशेष मुलांचं एक छोटं केंद्र आहे. सकाळी पावणेदहाला तिथं व्हॅन थांबते. आधी सारजाबाई उतरतात, मग एकेक करून अकरा मुलं उतरवतात आणि सगळी दाराकडं निघाली की स्वतः सगळ्यांत शेवटी चालायला लागतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका शिक्षिकेनं त्यांना सांगितलं होतं, की मावशींनी पुढं राहून मुलांना वाट दाखवायची असते. सारजाबाई म्हणाल्या, "वाट काय, दिसतीच की समद्यांला. मागं कोण ऱ्हायलं ते कोण बघनार?" त्यानंतर त्यांना कुणी पुढं चालायला सांगितलं नाही.

जन्म कुठला असं विचारलं, तर सारजाबाई गावाचं नाव घेत नाहीत. "कपाशीच्या वावरात," म्हणतात. देवगाव रंगारीच्या शिवारात कुणा शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती, त्या रात्री त्या झाल्या. पुढं मुंजाबांशी लग्न झालं आणि तीस वर्षं मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादायचं, पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं. मग एकेक गायरान तारेच्या कुंपणात गेलं, मुंजाबांचे गुडघेही गेले. मेंढरं विकली आणि दोघं मुकुंदवाडीला मुलाकडं, अजिनाथकडं, राहायला आली. पहिले सहा महिने सारजाबाई घरात बसून आजारीच पडल्या. अजिनाथनं केंद्रातलं काम शोधून दिलं, त्याला आता अकरा वर्षं झाली.

त्यांना अक्षर येत नाही, आकडेही फारसे येत नाहीत. हजेरी मात्र कधी चुकली नाही. मुलांवरून एकदा नजर फिरवतात आणि सांगतात, आज अमका नाही. "मोजून काय कळतंय?" त्या म्हणतात. "कोन नाय, ते कळाया पायजे."

तनुजाला हे सगळं कौतुकाचं वाटायचं, पण दुरून. तिची मुलगी प्रांजली तीन वर्षांपासून केंद्रात येत होती. जन्माच्या वेळी श्वास अडकलेला. समज चांगली, कान तिखट. जीभ आणि ओठ मात्र ऐकत नाहीत. सात वर्षांची प्रांजली टॅबवर बोलायची. तिच्या बाबांनी, ऋतुराजनं, एका अ‍ॅपमध्ये दोनशे चित्रं भरली होती. पाणी म्हणजे घरातलाच स्टीलचा पेला, आजोबा म्हणजे फेटा बांधलेले नानासाहेब. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू यायचा. आवाज तनुजाचा. लेकीचं बोलणं तिनंच एका सुट्टीत दिवसभर पंखा बंद ठेवून रेकॉर्ड केलं होतं.

टॅब सात वर्षांचा जुना. मार्चमध्ये त्याच्यावर आठवडाभर एकच सूचना यायची, मोठं अपडेट आलंय म्हणून. कंटाळून ऋतुराजनं एकदा होकार दाबला. सकाळी सगळी चिन्हं गोलमटोल, नवीकोरी दिसायला लागली आणि अ‍ॅप उघडायलाच दोन मिनिटं लागायला लागली. पैठण गेटच्या दुकानदारानं टॅब उलटापालटा करून पाहिला. "ताई, बूढ़े घोड़े पे नया बोझ डाल दिया आपने," तो म्हणाला. "अब पीछे नहीं जाता ये. थोडा साफ करके देता हूँ." त्यानं फोटो आणि नको ती अ‍ॅपं काढून टाकली. मग अ‍ॅप एका मिनिटात उघडायला लागलं आणि तनुजाला वाटलं, निभावलं.

पण त्याच आठवड्यात प्रांजली भलतंच बोलायला लागली.

तनुजाला सगळं लिहून ठेवायची सवय होती. प्रांजली दिवसभरात काय बोलली, याची एक वहीच होती. त्या वहीत आता असं दिसायला लागलं: दूध हवं का विचारलं, म्हणाली 'आजोबा'. बूट कुठे विचारलं, म्हणाली 'हो'. झोपायचं का विचारलं, म्हणाली 'बूट'. तनुजा ती पानं पुन्हा पुन्हा वाचायची. तीन वर्षांत कमावलेलं पोरीच्या हातून निसटत चाललंय, असं तिला वाटायला लागलं. इंटरनेटवर वाचू नये ते तिनं वाचलं. ऋतुराज म्हणाला, "अगं, चेष्टा करत असेल." तेही तिला पटेना.

त्यातच मूल्यमापनाची तारीख आली. जालना रोडवरची एक नेहमीची शाळा प्रांजलीला पहिलीत घ्यायला तयार होती. अट एकच, केंद्राचा अहवाल अनुकूल हवा. शनिवार हा शेवटचा दिवस. नवा टॅब मागवला होता, पण दोनशे चित्रं त्यात पुन्हा बसवायला पंधरा दिवस तरी लागणार होते.

शनिवारी मेघा मॅडम फॉर्म घेऊन बसल्या. केंद्राच्या त्या प्रमुख. स्वभावानं मायाळू, पण नियमाच्या पक्क्या. एकेका प्रश्नाला दहा सेकंद. प्रांजली समोर, तनुजा भिंतीशी. दाराशी सारजाबाई तांदूळ निवडत होत्या.

"तुझं नाव काय?"

प्रांजलीनं बोट ठेवलं. टॅब गप्प. दहा सेकंद संपले.

"बरं. शाळेत कशानं येतेस?"

टॅब म्हणाला, "प्रांजली."

"हं. आज सकाळी काय खाल्लंस?"

"गाडी."

मेघा मॅडमनी वर पाहिलं, मग लिहिलं. "कावळा कुठल्या रंगाचा असतो?"

"पोहे."

तनुजानं डोळे मिटले. कावळ्याचा रंग पोहे, आणि तेही तिच्याच आवाजात, स्पष्ट. पुढचे प्रश्न तिला ऐकूच आले नाहीत. बाराही प्रश्न झाले तेव्हा मेघा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तनुजाताई, एक वर्ष थांबू या. उत्तरं जुळत नाहीयेत. दोन महिन्यांपूर्वी ही छान बोलत होती."

"मॅडम," दारातून आवाज आला, "पोरगी जवाब देतीय. तुमीच सवाल घेऊन म्होरं पळताय."

"मावशी, आत्ता नको."

"न्हाय, म्हंजी…"

"मावशी, परीक्षा चाललीय. तुम्ही जरा बाहेर थांबा."

सारजाबाई सूप उचलून बाहेर गेल्या. मागोमाग प्रांजलीचा हात धरून तनुजाही गेली. बाहेरच्या पायरीवर बसली आणि तिला हुंदका आवरेना. सारजाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि टॅबकडं बोट केलं.

"ताई, रडून घ्या, मंग माझं ऐका. ही पाटी मागं ऱ्हायलीय. पोरगी न्हाय."

"म्हणजे?"

"हिनं गाडी कवा म्हनली? कशानं येती इचारलं तवा बोट ठिवलं, आन पाटी बोलली म्हागनं, तवर मॅडमनं खायाचं इचारलं. पोहे खाल्ले का नाय सकाळी?"

तनुजाला पोहे आठवले. शेंगदाणे बाजूला काढून ठेवणारी प्रांजली आठवली. तिनं पिशवीतली वही काढली आणि बोटानं उत्तरं एकेक घर वर सरकवत गेली. 'हो' हे दुधाचं उत्तर होतं. 'बूट'चं चित्र नव्हतंच मुळी तिनं चुकीचं दाबलेलं. बूट कुठे विचारलं, तर तिनं बुटाचंच चित्र दाबलं होतं! आणि 'आजोबा' दुधाच्याही आधीचं, फोन कुणाचा होता त्याचं. दहा दिवसांत लेक एकदाही चुकली नव्हती.

"मावशी, तुम्हाला हे कधी कळलं?"

"ती पाटी नवी दिसाया लागली त्याच दिशी. भाजी देऊ का इचारलं, तर गप. म्या आपली पळी धरून हुभी. लई येळानं म्हनती, 'हो'. म्हनलं, बरं, आता असं हाय तर असं. रोज तसंच वाढती मी."

"मग सांगितलं का नाही मला?"

सारजाबाईंना खरंच नवल वाटलं. "मला काय ठावं, तुमाला ठावं नाय म्हून? तुमी शिकलेली मानसं. कॉलेज केल्यालं. आन आय हाय तुमी तिची."

यात टोमणा नव्हता, म्हणूनच तनुजाला ते जास्त लागलं. तिनं प्रांजलीकडं वळून घाईघाईनं विचारलं, "बाळा, कावळ्याचा रंग कुठला? काळा का पांढरा? सांग ना. काळा ना?"

"आता गप बसा," सारजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला जड, खरखरीत हात तनुजाच्या गुडघ्यावर ठेवला. "एक सवाल. मंग गप."

प्रांजलीनं बोट ठेवलं. गल्लीतून एक भाजीची गाडी ओरडत गेली. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. दोनदा तनुजाचं तोंड उघडलं आणि दोनदा गुडघ्यावरचा हात दाबला गेला. सतरा-अठरा सेकंदच असतील, पण इतका वेळ आपण लेकीसमोर कधी गप्प बसलोच नाही, हे त्या सेकंदांत तनुजाला समजलं.

"काळा," टॅब म्हणाला.

"एवढ्यात आमची घोडी कन्नडला जाऊन आली असती," सारजाबाई म्हणाल्या. प्रांजली खदखदून हसली.

मग त्या उठल्या. तांदळाचा भुसा पदरावरून झटकला आणि प्रांजलीला घेऊन सरळ आत गेल्या. "मॅडम, मला कामावरून काढा, पर एक डाव इचारा. एकच. आन घड्याळाकडं बघू नका, तिच्याकडं बघा."

मेघा मॅडमचा चेहरा कडक झाला होता. पण अकरा वर्षांत या बाईनं त्यांच्याकडं काही मागितलेलं नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "शाळेत कशानं येतेस?" त्यांनी विचारलं आणि थांबल्या. टॅब म्हणाला, "गाडी." त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. थांबल्या. तिसऱ्या उत्तरानंतर त्यांनी आधीचा फॉर्म हातात घेतला, उत्तरं एकेक घर वर सरकवून पाहिली, आणि कपाळाला हात लावला.

नियमाप्रमाणे प्रश्न बदलून, नवा फॉर्म घेऊन, बाराच्या बारा त्यांनी पुन्हा विचारले. दहा सेकंदांची ओळ त्यांनी पेनानं खोडली आणि शेजारी सही केली. अकरा उत्तरं बिनचूक आली. "आभाळ कुठल्या रंगाचं?" याला टॅब म्हणाला, "पांढरा." मेघा मॅडमनी खिडकीतून बाहेर पाहिलं. एप्रिलचं ऊन होतं, आभाळ खरंच पांढरंफटक पडलं होतं. त्यांनी बरोबरची खूण केली. शेवटच्या रकान्यात लिहिलं, पहिलीत प्रवेशासाठी योग्य.

तनुजा तो कागद घेऊन धावतच बाहेर आली. सारजाबाई मोरीवर मुलांची ताटं धूत होत्या.

"मावशी, झालं! घेणार पहिलीत!"

"मंग? घ्यायाच पायजे." त्यांनी ताट निथळत ठेवलं. "पोरीला सांगितलं का?"

तनुजा थबकली. ऋतुराजला फोन झाला होता, गावाकडं नानासाहेबांना झाला होता. जिची शाळा, ती मात्र दारात टॅब पोटाशी धरून उभी होती, कुणी काही सांगेल म्हणून.

तनुजा तिच्यासमोर उकिडवी बसली. "प्रांजली, ती मोठी शाळा आहे ना, ती तुला घेते म्हणाली. तुला जायचंय का?"

पुढं 'छान आहे ती शाळा' असं अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. नळाचं पाणी वाहत होतं, ते सारजाबाईंनी बंद केलं. प्रांजलीचं बोट फिरलं, एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर. दोघी तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"हो," टॅब म्हणाला. आणि बऱ्याच वेळानं, "मावशी पण."

सारजाबाईंनी ओले हात हवेत उडवले. "अगं माय! मला कोन घेतंय पहिलीत? दात पडलेत माझे."

"पहिलीतल्या पोरांचेही पडलेलेच असतात," तनुजा म्हणाली.

सारजाबाई अशा हसल्या की त्यांना मोरीच्या कठड्यावर बसावं लागलं. हसता हसता पदरानं डोळे पुसत होत्या, तेवढ्यात टॅबनं पुन्हा एकदा सांगितलं, "मावशी पण." प्रांजलीनं ते दोनदा दाबलं होतं.