मॅनेजरकीचं सुतक

सुनेने मॅनेजरची नोकरी सोडली तेव्हा आमच्या घरी लोक भेटायला आले. भेटायला म्हणजे घरात कुणी गेल्यावर येतात तसे. डोक्यावरून पदर, आवाज खाली. मालक गेले तेव्हा ज्या बायका ओसरीच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्याच आता त्याच भिंतीला टेकून बसल्या. फरक एवढाच की या खेपेला गेलं कुणीच नव्हतं. सून आत पोळ्या लाटत होती.

मी चौथी शिकलेली. सगळं आयुष्य मुळशीत, रिह्याच्या खोऱ्यात भातशेतीत गेलं. कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही आणि कळतं असं सांगणारही नाही. पण हे ज्या घरात घडलं तिथे मी रोज होते, म्हणून लिहिते.

सून लातूरकडची. हिंजवडीत नोकरी लागली म्हणून आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आली आणि मग घरातच राहिली. मुलगा पिरंगुटच्या कारखान्यात आहे. त्याने विचारलं, तिने हो म्हटलं, मी खोलीला दुसरी भाडेकरू बघितली. त्या वेळी ती प्रोग्रॅम लिहायची. मशीनने काय करायचं ते मशीनला कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं, असं तिने मला समजावलं होतं. चुकलं की स्वतःशी पुटपुटत अंगणात फेऱ्या मारायची आणि जमलं की गुणगुणत आत यायची. घरात कुणाला त्याचा त्रास नव्हता.

मग ती मॅनेजर झाली. भावकीतल्यांनी रस्त्याच्या वळणावर फ्लेक्स लावला. त्यात तिचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि शुभेच्छा देणाऱ्यांचे फोटो परातीएवढे. वर ‘मुळशीची शान’ असं लिहिलेलं. ती लातूरची आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गिरणीत लोक माझं दळण आधी टाकायला लागले.

पुढची सहा-सात वर्षं ती नुसती बोलत होती. आठवड्यातले निम्मे दिवस वरच्या खोलीतून काम असायचं, तेव्हा खाली ऐकू यायचं. ‘हो सर’, ‘बघते’, ‘उद्यापर्यंत करून घेते’. वरच्यांशी गोड, हाताखालच्यांशी गोड, आणि फोन ठेवला की आमच्यावर खेकसणं. नवरा भाजीत मीठ कमी आहे म्हणाला तरी भांडण. एकदा मी तिला विचारलं, “आज काय केलंस?”

“काही नाही आई. बोलले.”

“आणि काम?”

“काम बाकीचे करतात. मी झालं का म्हणून विचारते.”

मला ते ओळखीचं वाटलं. गुडघे गेल्यापासून लावणीला मीही बांधावर खुर्ची टाकून बसते आणि चिखलातल्या बायकांवर ओरडते. त्याने भूक लागत नाही आणि झोपही लागत नाही. पण तिला काही बोलले नाही. तिला पगार मिळत होता, मला तोही नव्हता.

एका संध्याकाळी तिची गाडी अंगणात येऊन थांबली आणि ती उतरेनाच. दिवे बंद, काचा बंद, आत बसलेली. मी जाऊन काचेवर टकटक केलं. तिने काच खाली केली.

“आज एका बाईला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं,” ती म्हणाली. “कामाला चांगली होती. ठरवलं वरच्यांनी, सांगायला मी.”

“मग?”

“मला परत कोड लिहायचंय आई. स्वतःच्या हाताने. हे नको.”

कोड म्हणजे तेच तिचं जुनं काम. मी म्हटलं, “आधी उतर. चहा निवतोय.”

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

“लोक वर चढायला बघतात आणि तू खाली उतरायला निघालीस?”

“मी कामाला लागायला निघाले.”

“इतक्या वर्षांत हात लावला नाहीस तू त्याला. आता तर मशीनच कोड लिहून देतंय, रोज मोबाईलवर बातमी येते. तुला कोण घेणार?”

“मशीन लिहितं ते बरोबर आहे का चूक, ते बघायला कुणीतरी लागेल ना? मला आता तेसुद्धा दिसत नाही. न कळता हो म्हणत असते मी दिवसभर.”

मुलगा माझ्याकडे वळला. “आई, तू सांग हिला.”

मी म्हटलं, “मी काय सांगू? भात घेतोस का?”

तिने कंपनीत मागून बघितलं. त्यांनी सांगितलं, मॅनेजरला परत त्या कामाला बसवलं तर बरं दिसत नाही. मग तिने राजीनामा दिला. दुसरी नोकरी हातात नव्हती. नवरा-बायकोत ठरलं की दिवाळीपर्यंत बघायचं. तोवर कुणी प्रोग्रॅम लिहायला घेतलं तर घेतलं, नाहीतर मुकाट्याने दुसरीकडे मॅनेजर व्हायचं. मॅनेजर म्हणून बोलावणारे फोन तिला येतच होते. लिहायच्या कामाला कुणी बोलावत नव्हतं.

आमच्याकडे हातात दुसरी नोकरी नसताना पहिली सोडणारा माणूस काढून टाकलेला असतो, असं सगळे धरून चालतात. आमच्या घरी तो नियम लागला. पहिली आली ती मुठा गावची माझी नणंद. एस.टी.ने आली, पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसली.

“कसं झालं ओ वैनी?”

“कसं म्हंजे? तिनं सोडली.”

“व्हय, समदी तसंच म्हनत्यात.” मग पदर डोळ्याला लावला. “धक्का बसला आसंल तिला.”

“पोळ्या लाटतीय ती.”

“हात चालू ठिवावा लागतो वो. मन गुतून ऱ्हातं.”

मी चहाचं विचारलं तर तिने हाताने नको म्हणून सांगितलं. जाताना ‘येते’ म्हणाली नाही. दुःखाच्या घरातून निघताना येते म्हणत नाहीत. तशीच उठून चपला घालून गेली. सून दारात येऊन बघत राहिली.

“आत्या न सांगताच गेल्या?”

“तू मेलीस म्हणून,” मी म्हटलं.

आधी ती हसली. पण एकामागून एक बायका यायला लागल्या तसं तिचं हसू आटलं. वरच्या खोलीचं दार लावून ती दिवसभर शिकत बसायची. जुनं पुष्कळसं बदललेलं होतं आणि जे बदललं नव्हतं ते तिच्या हातातून गेलं होतं. नोकरीसाठीच्या परीक्षा घरूनच द्यायच्या असतात. समोरच्याला आपली स्क्रीन दिसते, आपण लिहीत जायचं आणि तो बघत बसतो. पहिल्या ठिकाणी वेळ संपला तरी तिचं पुरं झालं नाही. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, तुम्ही एवढ्या मोठ्या जागेवर होता, आता दुसऱ्याचं ऐकून घ्याल का? ती घेईन म्हणाली. त्यांना ते पटलं नाही. त्या दिवशी खाली येऊन तिने धुतलेली भांडी परत धुतली.

“मी चुकले का आई?”

“मला काय म्हाईत. पण ती भांडी कालची न्हाईत, आताच घासलीत.”

नंतर एका दुपारी वरून एकटीच हसल्याचा आवाज आला. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. गुडघे धरत जिना चढून गेले. ती खुर्चीत मागे रेलून बसली होती.

“दोन दिवस चूक शोधत होते. सापडली. माझीच होती.”

“मग हसतेस काय?”

“माझीच होती म्हणून,” ती म्हणाली आणि परत वाकून लिहायला लागली.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हिला हे काम मिळालं पाहिजे. मी देवाला वगैरे काही बोलले नाही. पण दिवाळी जवळ येत होती आणि मला रात्री जाग यायला लागली.

तिसरी परीक्षा शनिवारी होती. सलग तीन तास. शनिवार म्हणजे पंचाईत, कारण शेजारी फार्महाऊस आहे. पुण्याचे लोक शनिवारी येतात आणि स्पीकरच्या भिंती लावतात. मी सांगून बघितलं होतं, मुलाने सांगितलं होतं, पोलीस पाटलांनीही सांगितलं होतं. पाच मिनिटं आवाज खाली यायचा, मग पहिल्यापेक्षा वर. त्या दिवशीही सकाळीच गाणी सुरू झाली. खिडकीची काच हादरत होती. मुलगा जाऊन हात जोडून आला. ते हो हो म्हणाले आणि गाणं तेवढं बदललं. वर सुनेची परीक्षा सुरू व्हायला थोडाच वेळ होता.

अशात फाटकातून नणंद आणि तिच्याबरोबर भावकीतल्या तिघी येताना दिसल्या. मी कपाळाला हात लावला. आता ह्या बोलत बसणार.

मी पुढे जाऊन म्हटलं, “बसा. पन बोलू नका. ती वर हाय.”

“रडतीया?” नणंदेने विचारलं.

“बसलीया.”

“दार लावून?”

“व्हय.”

“काय खाल्लं का तिनं?”

“सकाळपासनं काय न्हाई.”

यात एक शब्द खोटा नव्हता. परीक्षेच्या धास्तीने तिने खरंच काही खाल्लं नव्हतं. चौघी भिंतीला टेकून बसल्या. एरवी या बायकांना पाच मिनिटं तोंड मिटायला सांगितलं तर कळ येते. पण दुःखाच्या घरात गप्प बसायचं हे त्यांना सांगावं लागत नाही. नणंद थोडा वेळ ते गाणं ऐकत राहिली. मग म्हणाली, “ह्यो कुणाचा धिंगाणा?”

“फार्महाऊसवाल्यांचा.”

“हितं असं हाय आन् ह्यांना गानी सुचत्यात?”

ती उठली, नऊवारीचा काष्टा नीट केला आणि निघाली. मी तिला पाठवलं नाही. मी तिला थांबवलंही नाही. तिथे ती काय बोलली ते मला मागून कळलं. ती म्हणाली होती, “माज्या भावाच्या घरी दुःख झालंय. तुमच्यात मानसं मरत न्हाईत का?”

गाणं मधेच बंद झालं. पलीकडच्या रानात कुणीतरी बैलाला हाकलत होतं, ते आम्हाला ऐकू आलं.

नणंद परत येऊन बसली. तिच्यामागून थोड्या वेळाने हाफपँटमधला एक माणूस फाटकापाशी आला. त्याने हात जोडले.

“सॉरी आजी. आम्हाला कल्पना नव्हती. कधी झालं?”

“म्हैना झाला,” मी म्हटलं. सुनेला नोकरी सोडून तेवढेच दिवस झाले होते.

“फार वाईट झालं. काही लागलं तर सांगा.”

“गानी लावू नका.”

“नाही, नाही. आज अजिबात नाही.”

तो मान खाली घालून गेला. मला हसू आवरेना, म्हणून पदर तोंडाला लावला. बायकांनी तो वेगळ्या कारणाने लावला असं धरलं. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मुलगा गोठ्याच्या मागे जाऊन उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. तेही बायकांनी बघितलं आणि मान हलवली. एकीचा फोन वाजला तर नणंदेने असं बघितलं की तिने तो बंदच करून टाकला. कुत्रं भुंकलं तर दुसरी उठून त्याला बांधाकडे घेऊन गेली. सगळी दुपार आमच्या ओसरीवर पान हललं नाही. मला चहाही करावा लागला नाही.

वरचं दार उघडलं आणि सून जिना उतरून आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. नणंदेने उठून तिला कवटाळलं.

“रडू नगं पोरी. एक खुर्ची गेली म्हून जल्म जात न्हाई.”

तिच्या खांद्यावरून सुनेने माझ्याकडे बघितलं. “चाललं आई. लिहिलेलं शेवटपर्यंत चाललं.”

नणंद मला बाजूला घेऊन म्हणाली, “बडबडाय लागलीया. हिच्याकडं ध्यान ठिवा वैनी.”

पुढच्या आठवड्यात त्या तिसऱ्या कंपनीचा फोन आला. सून अंगणात होती, तिथूनच तिने हात वर केला. मुलगा पायरीवर बसला तो बराच वेळ उठला नाही.

“मलाही तिच्या मॅनेजरकीचा वीट आला होता,” तो म्हणाला.

“मग तेव्हा बोलला का न्हाईस?”

“तू तरी कुठं बोललीस? भात घेतोस का म्हणालीस.”

ते खरं होतं. मी नणंदेला फोन लावला.

“लागली? परत म्यानेजर?”

“न्हाई. साधी. लिहायचं काम.”

“हाताखाली किती जनं?”

“कुनीच न्हाई.”

ती मग म्हणाली, “मंग लोकान्ला काय सांगायचं वो?”

“सांगा, कामाला लागली.”

आता तिच्यापेक्षा पुष्कळ लहान असलेली एक मुलगी तिचं लिहिलेलं तपासते. पहिल्याच आठवड्यात एकदा सून खाली येऊन ओट्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “आज तिने माझ्या कामात ढीगभर चुका काढल्या.”

“मग?”

“मग मी बसून बरोबर केल्या.”

“उद्या परत तेच?”

“नाही. ते संपलं. उद्या दुसरं.”

मॅनेजर असताना कुठलीच गोष्ट संपली म्हणून ती कधी बोलली नव्हती. कढईत काय आहे ते तिने झाकण उचलून बघितलं, आणि मी ताटं घेतली.