साबणाची चमकी

चिमूटभर जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे आणि मगच पुढं जायचं, ही खालाची रीत. मीठ असो, मैदा असो. "जबान झूठ नाय बोलत, भाऊ," म्हणायची.

बजाजनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. सकाळी साबण, दुपारनंतर वाढदिवसाचे केक, दोन्ही घरीच करून विकायची. चमकीचं तिला लई वेड, साबणात बी घालायची. तिच्या साबणानं आंघोळ करून मी रात्रीच्या ड्युटीवर निघालो, की समोरचे ट्रकवाले आपले दिवे मंद करायचे. खोटं वाटलं तर आमच्या हिला विचारा. ती नाही म्हणेल, पण विचारा.

माझ्या मुलीच्या वाढदिवसाचा केक खालानंच केला. ऐन वेळी खायची चमकी संपली, म्हणून तिनं साबणाच्या चमकीची डबी उचलली. डबीवर लिहिलेलं, नॉन-टॉक्सिक. विष नाही म्हणजे चालतंय, असं तिलाही वाटलं, मलाही. घाईत जिभेवर ठेवायचं तेवढं राहिलं.

केक असा झळकला की मी गॉगल शोधायला लागलो. गल्लीतली झाडून सगळी पोरं जमली. मुलीनं सुरी उचलली आणि खालाला आपली रीत आठवली. केकवरची चिमूट तिनं जिभेवर ठेवली, डोळे मिटले. बराच वेळ ते उघडलेच नाहीत.

"बेटा, सुरी ठेव."

"काय झालं, खाला?" मी विचारलं.

"विरघळंना. दातात कचकच करायलीय. प्लास्टिक हाय हे."

"वरचं खरडून टाकू की. नॉन-टॉक्सिक तर हाय."

"साबण बी नॉन-टॉक्सिक हाय, भाऊ. वाढू का ताटात?" ती शांतपणे म्हणाली. "डबीवर खायची म्हणून लिहिलेलं पायजे. आत काय घातलंय, ते बी."

दारात उभ्या बायका म्हणजे तिची सगळी गिऱ्हाइकं. त्यांच्यादेखत "चूक माझी हाय" म्हणाली आणि अख्खा केक कचऱ्यात टाकला. मुलगी रडायला लागली. खालानं रवा भाजायला घेतला, मेणबत्ती बटाट्यात खोचली आणि त्या शिऱ्याचा वास, सांगतो तुम्हाला, वैजापूरपर्यंत गेला असणार.

मागच्या वर्षी खालाही वैजापूरला गेली, लेकाकडं, कायमची. शेजारी कुलूप आहे.

परवा वाढदिवसाला मी दुकानातून केक आणला, वर चमकी, चांगला झळझळीत. पोरं टाळ्यांसाठी हात वर करून उभी. मुलीनं सुरी उचलली, दारातून शेजारच्या कुलपाकडं पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"पप्पा, याची डबी कुठाय?"

मी रवा शोधायला आत गेलो.